एका मतदाराचीं दोन मतें

सोलापूरचें नांव घेतांच श्रोत्यांच्या मनांत गिरण्यांचे भोंगे, चादरी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उभी राहते. राज्यघटनेची चर्चा निघाली असतां या शहराची आठवण सहसा कोणास होत नाहीं. वास्तविक प्रतिनिधि म्हणजे कोण, आणि तो कोणाचा, या मूळ प्रश्नाचा उलगडा सोलापूरच्या एका निवडणुकीवरून जितका सहज होतो, तितका जाडजूड ग्रंथांवरूनहि क्वचितच होईल.

१९३० च्या मे महिन्यांत या शहरांत गोळीबार झाला आणि १२ तारखेपासून लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी घालणें हाहि त्या दिवसांत अपराध ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आली. ज्या प्रजेला आपला शास्ता बदलतां येत नाहीं, तिच्यावरील राज्य कितीहि कलमांवर उभें असलें तरी त्यास प्रातिनिधिक म्हणवत नाहीं.

त्याच येरवड्याच्या तुरुंगाशीं दुसऱ्या एका घटनेचा संबंध आहे. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणें करार तेथेंच झाला. अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधि त्या वर्गानेंच निवडावेत, ही डॉ. आंबेडकरांची मागणी, गांधीजींनीं तिच्याविरुद्ध प्राण पणास लावलेले. करारान्वयें प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखीव झाल्या, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले. उमेदवार त्या वर्गाचा, मतदार मात्र सर्व. खरी मेख येथेंच आहे. जो सर्वांच्या मतांवर निवडून येतो, तो ज्यांच्यासाठीं जागा राखली त्यांचें गाऱ्हाणें कितपत निर्भीडपणें मांडील? ही शंका अनाठायीं होती असें कोण म्हणेल?

१९३५ च्या कायद्यानें मताचा अधिकार मिळकत किंवा शिक्षण असलेल्यांपुरताच ठेवला होता. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या घटनेनें ती अट काढून टाकली. ३२५ व्या कलमानें धर्म, वंश, जात वा लिंग न पाहतां सर्वांची मतदारयादी एकच केली. ३२६ व्यानें प्रत्येक प्रौढास मत दिलें. तेव्हां वयाची मर्यादा २१ होती, १९८९ पासून ती १८ झाली.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. सोलापूर हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठीं राखीव. म्हणून गिरणी कामगार असो कीं पेढीवाला, प्रत्येकाच्या हातीं दोन मतपत्रिका आल्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचें चिन्ह. शिक्का मारणें नाहीं, पत्रिका पेटींत टाकली कीं काम झालें. अक्षरशत्रु बहुसंख्य असलेल्या देशास ही युक्ति फार सोयीची पडली. दोन्ही मतें एकाच उमेदवारास देण्याची मात्र मनाई होती. तसें केल्यास एकच मत धरलें जाई.

निकाल विलक्षण लागला. देशांत ४८९ पैकीं ३६४ जागा काँग्रेसनें जिंकल्या, पण सोलापूरच्या दोन्ही जागा तिच्या हातून गेल्या. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. साऱ्या देशांत फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यांतील ही एक. खुद्द आंबेडकर त्याच निवडणुकींत उत्तर मुंबईंत पराभूत झाले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या यशाचें मोल कळतें. सर्वांच्या मतांवर निवडून येऊनहि राजभोज फेडरेशनचेच राहिले. येरवड्याच्या शंकेला सोलापूरनें दिलेलें हें उत्तर होतें. मुंबईचें उत्तर मात्र उलट पडलें.

पुढें ही द्विसदस्य पद्धति टिकली नाहीं. १९५७ सालीं आंध्रांतील पार्वतीपुरम येथें दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनीं पटकावल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले. अधिक मतें मिळविणाऱ्यास सर्वसाधारण जागाहि मिळूं शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं दिला. राखीव म्हणजे तेवढीच, असें समजून बसलेल्यांना तो रुचला नाहीं. १९६१ च्या कायद्यानें असे मतदारसंघ मोडण्यांत आले. सोलापूर सर्वसाधारण झालें; २००९ च्या निवडणुकीपासून तें अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे, आणि मतदाराच्या हातीं लोकसभेचें मत एकच येतें.