मार्चमध्ये गाड्या तिप्पट खपल्या? ब्रिटनच्या नंबरप्लेटचा इतिहास आणि आकडे वाचण्याची सवय

समजा, तुमच्यासमोर दोनच आकडे ठेवले. ब्रिटनमध्ये नव्या मोटारींची नोंदणी फेब्रुवारी २०२० मध्ये ७९,५९४ आणि मार्च २०२० मध्ये २,५४,६८४. निष्कर्ष काय काढाल? मागणी तिपटीहून जास्त वाढली, बरोबर? आता हे आठवा की त्याच मार्चच्या २३ तारखेला तिथे लॉकडाऊन जाहीर झालं आणि शोरूमही बंद झाली. मार्च २०१९ चा आकडा होता ४,५८,०५४. म्हणजे बाजार ४४ टक्क्यांनी कोसळला होता, आणि तुमच्या तक्त्यात तो तिप्पट वाढलेला दिसत होता!

हा गोंधळ होतो नंबरप्लेटमुळे. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरातच तिचं वय लिहिलेलं असतं. २०२० च्या मार्चपासून नोंदलेल्या गाडीवर '२०' आणि सप्टेंबरपासून नोंदलेल्या गाडीवर '७०'. गाडी कधीची आहे ते शेजाऱ्याला गेटवरूनच कळतं, आणि पुढे ती सेकंडहँड विकताना घेणाऱ्यालाही. म्हणून फेब्रुवारीत गाडी घेणाऱ्यापुढे खरा पेच असतो: आता सवलत मागून जुन्या आकड्याची गाडी घ्यायची, की दोन-तीन आठवडे थांबून नवा आकडा मिळवायचा? बरेच जण थांबतात. फेब्रुवारी ओस पडतो, मार्च ओसंडून वाहतो.

ही पद्धत आली कुठून? नंबरप्लेट सक्तीची झाली १९०४ पासून, १९०३ च्या मोटार कायद्याने. त्या नंबरात वर्ष नव्हतं. पुढे नंबर संपत आले, म्हणून १९६३ मध्ये शेवटी एक अक्षर जोडायला सुरुवात झाली: १९६३ साठी 'ए', १९६४ साठी 'बी'. हेतू निव्वळ कारकुनी होता, जास्त नंबर तयार व्हावेत एवढाच. पण लोकांनी त्यात दुसरंच काही वाचलं, ते म्हणजे गाडीचं वय.

अक्षर बदलायचं १ जानेवारीला. साहजिकच वर्ष संपत आलं की गिऱ्हाईक थांबू लागलं. मोटार व्यावसायिकांनी सरकारकडे आग्रह धरला आणि १९६७ मध्ये बदलाची तारीख १ ऑगस्टवर नेली. त्यामुळे 'ई' अक्षराच्या वाट्याला सातच महिने आले. पण गर्दी कमी झाली का? नाही, ती ऑगस्टमध्ये जाऊन बसली. १९८३ मध्ये अक्षर शेवटून उचलून सुरुवातीला आणलं, तारीख मात्र तीच राहिली. पुढे वर्षभरातल्या विक्रीचा जवळपास पाव हिस्सा एकट्या ऑगस्टमध्ये होऊ लागला. मग १९९९ पासून वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, बदल सुरू केला. २००१ च्या सप्टेंबरात 'दोन अक्षरं, दोन अंक, तीन अक्षरं' ही आजची रचना आली. एका शिखराची दोन शिखरं झाली, इतकंच.

शेजारच्या आयर्लंडमध्येही हेच घडलं. तिथे १९८७ पासून नंबराच्या सुरुवातीला वर्ष असतं, त्यामुळे खरेदी वर्षाच्या सुरुवातीला एकवटायची. २०१३ पासून त्यांनी वर्षाचे दोन भाग केले, '१३१' आणि '१३२'. आता जुलैतही उसळी येते.

आता यातून संशोधकाने काय घ्यायचं ते बघू.

पहिली गोष्ट: आकडा नेमका कशाचा आहे ते विचारा. वरचे आकडे नोंदणीचे आहेत, खरेदीच्या निर्णयाचे नाहीत. जानेवारीत बुक केलेली गाडी १ मार्चला नोंदली जाते. कधी कधी डीलर टार्गेट गाठायला गाड्या स्वतःच्याच नावावर नोंदवून ठेवतो. तीही 'नोंदणी'च, पण गिऱ्हाईक अजून यायचंच असतं.

दुसरी: नियम लागू झाल्याचं वर्ष म्हणजे तो सगळीकडे पाळला गेल्याचं वर्ष नव्हे. त्या काळी नंबर स्थानिक प्रशासनं देत, आणि सगळ्यांनी १९६३ मध्येच अक्षर वापरायला सुरुवात केली नाही. ते सर्वत्र आलं १९६५ मध्ये. तेव्हा एखाद्या जुन्या फोटोतल्या गाडीवर अक्षर दिसलं नाही, म्हणून फोटो १९६३ च्या आधीचा ठरवू नका.

तिसरी: तुलनेसाठी जागा शोधा. उत्तर आयर्लंड ब्रिटिश राज्याचाच भाग आहे, पण तिथल्या नंबरात वर्ष नसतं. लोक खरंच आकड्यासाठी थांबतात की नुसत्या मार्चमधल्या ऑफर्ससाठी, हे वेगळं काढायचं असेल तर प्रश्न तिथून सुरू करा.

आणि शेवटची गोष्ट, जी इकडे महाराष्ट्रात विक्रीचे आकडे हाताळणाऱ्यांच्या जास्त कामाची आहे. ब्रिटनसाठी उपाय सोपा आहे: मार्चची तुलना आदल्या मार्चशी करा. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. आपल्या नंबरात वर्ष नाही, पण मुहूर्त आहेत, आणि ते इंग्रजी कॅलेंडरवर सरकत राहतात. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. हे दोन मार्च शेजारी ठेवले तर एकात पाडवा आहे आणि एकात नाही. म्हणून तक्ता करताना महिन्याच्या रकान्याशेजारी सणांचा एक रकाना आधीच आखून ठेवा. गाइडने विचारण्याआधी उत्तर तुमच्याकडे तयार असेल.