होडीतून दर्यातील मासेमारी : कर्ली खाडी व वालावल परिसर

होडीतून दर्यातील मासेमारी : साधारण पाच ते आठ मीटर लांबीच्या, वल्ह्यांवर, शिडावर किंवा मागे टांगलेल्या लहान इंजिनावर चालणाऱ्या होडीने खाडीच्या मुखाबाहेर जाऊन गरीने वा जाळ्याने केलेली मासेमारी. किनाऱ्यावरून ओढायची रापण आणि मोठ्या ट्रॉलरची मासेमारी यांहून ती वेगळी. होडीत दोन ते चार माणसे असतात, डेक नसतो आणि पाण्यापासून काठाची उंची हातभरच असते. त्यामुळे मोठ्या नौकेला जे पाणी नुसते हलवते, ते होडीला उलटवू शकते. प्रस्तुत नोंद कुडाळ तालुक्यातील वालावल व तेथून कर्ली खाडीमार्गे समुद्राकडे जाणाऱ्या वाटेपुरती आहे.

वालावल हे कर्लीच्या दक्षिण तीरावरचे गाव, लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी आणि त्याला लागून असलेल्या तळ्यासाठी प्रसिद्ध. पलीकडच्या तीरावर मालवण तालुका व धामापूर. येथपर्यंत भरतीचे पाणी चढते, पण लाट पोचत नाही. दोन्ही काठांना माड, मधे संथ पाणी. पश्चिमेकडे गेलेली ही खाडी समुद्राच्या अगदी जवळ येऊनही त्याला लगेच मिळत नाही. तारकर्ली-देवबागच्या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्याआडून ती दक्षिणेकडे वळते आणि देवबागच्या टोकाशी, भोगव्याच्या समोर अरबी समुद्राला मिळते. म्हणजे वालावलहून निघालेली होडी मुखापाशी येईपर्यंत पूर्ण आडोशाने चालते, आणि समुद्राची त्या दिवशीची खरी स्थिती तिला अखेरच्या वळणावरच कळते. या वाटेवरचा धोका खोल समुद्रापेक्षा या मुखाशीच अधिक असतो, आणि तो टाळायचा निर्णय वालावलच्या धक्क्यावरच घ्यावा लागतो.

मुखावरील वाळूचा बांध : नदीने आणलेली वाळू आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने वाहून आणलेली वाळू मुखाशी साचून उथळ बांध तयार होतो. हा बांध एका जागी राहत नाही. प्रत्येक पावसाळ्यातला पूर त्याला नवा आकार देतो, आणि गतवर्षी जिथून होडी सुखरूप गेली तिथे यंदा गुडघाभर पाणी असू शकते. मुखाच्या आतल्या अंगाला असलेला, पर्यटकांमध्ये ‘सुनामी बेट’ म्हणून ओळखला जाणारा वाळूचा उंचवटाही याच घडामोडीचा भाग आहे. म्हणून हंगामाच्या आरंभी देवबाग किंवा भोगव्याच्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) विचारल्याशिवाय मुख ओलांडू नये. हाताशी असलेला नकाशा इथे त्या माणसाची जागा घेऊ शकत नाही.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की फुटते. एक मीटरची लाट बाहेर पाच वाव पाण्यात नुसती उचलते नि सोडते, पण बांधावर सव्वा मीटर पाणी उरले की तीच कोसळते. त्यात ओहोटी लागलेली असेल तर खाडीचे सगळे पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावत असते आणि समोरून लाट येत असते. प्रवाहाशी भिडलेली लाट आखूड आणि उभी होते, दोन लाटांमधले अंतर घटते, आणि होडीची नाळ (पुढचे टोक) एका लाटेतून वर येण्याआधीच दुसरीत शिरते. त्यामुळे मुख ओलांडायला वाहती ओहोटी ही सर्वांत वाईट वेळ, आणि भरतीचा उत्तरार्ध ही सर्वांत चांगली.

वेळेचे गणित : वालावलकराची अडचण इथेच आहे. सोयीचे काय, तर ओहोटीबरोबर खाली जाणे, कारण पाणीच होडी नेते आणि इंधन वाचते. पण भरती मुखाशी आधी पूर्ण होते, वरच्या अंगाला ती काही वेळाने पोचते. वालावलला पाणी उतरू लागल्याचे पाहून जो निघतो, तो मुखाशी पोचतो तेव्हा तिथे ओहोटी ऐन भरात असते. म्हणून एक तर भरतीच्या उलट इंजिन चालवून निघावे, किंवा आधीच्या ओहोटीने खाली जाऊन देवबागच्या आतल्या अंगाला होडी लावून थांबावे. थोडे जास्त पेट्रोल जाते, पण ते वाया गेले असे समजू नये.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून घ्यावा. पण दिवसाची आखणी करायला तो फार उपयोगी आहे. अष्टमीच्या आगेमागे पहाटे भरतीवर बाहेर पडून संध्याकाळी पुन्हा चढत्या पाण्यावर आत येता येते. शिवाय तेव्हा भांग (मंद भरती-ओहोटी) असल्यामुळे प्रवाहाचा जोरही कमी. नवख्याने हेच दिवस धरावेत. पौर्णिमेला उलट होते. सकाळी साडेआठ-नऊनंतर बाहेर पडायला पाणी चांगले, पण संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण सुकती. उधाणाच्या दिवशी दुपारभर मासे पकडून चारच्या सुमारास घरी परतू पाहणारी होडी नेमकी जोरदार ओहोटीत आणि सर्वांत उथळ बांधावर येते. त्या दिवशी बाराच्या आत परतावे, नाहीतर बाहेरच थांबून रात्रीची भरती पकडण्याची तयारी ठेवावी.

वारा आणि हंगाम : नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून हंगाम सुरू होत असला, तरी लहान होडीला खरा समुद्र नवरात्रानंतर मिळतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, पाणी सपाट असते, आणि हाच वारा होडीला बाहेर नेतो. दुपारी खारा वारा उलटतो. माघ-फाल्गुनापासून हा वायव्येचा वारा दुपारनंतर इतका चढतो की पाण्यावर पांढरा फेस दिसू लागतो. फेस दिसताच जाळे ओढायला घ्यावे. ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीच्या बाजूने दुपारी चढणारे ढग पाठीमागून येतात, तोंड समुद्राकडे असलेल्या माणसाला ते उशिरा दिसतात. विजेच्या वेळी सपाट समुद्रावर उभा माणूस व उभी डोलकाठी हेच सर्वांत उंच असतात.

अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन मोसम : पावसाळ्यापूर्वी एप्रिल-मे-जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. ११ नोव्हेंबर २००९ रोजी किनाऱ्यावर आलेले ‘फयान’ ऐन मासेमारीच्या दिवसांत आले. ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ किनाऱ्यापासून दुरून गेले, तरी त्याच्या लाटा देवबागच्या वस्तीत शिरल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ सिंधुदुर्गाच्या जवळून सरकत उत्तरेला गेले. यांतून ध्यानात ठेवण्याजोगे असे की वादळ शेकडो किलोमीटर दूर असताना इथे वारा पडलेला असू शकतो, आणि तरीही लांब पल्ल्याची जड लाट मुखावर फुटत असते.

होडी व भार : पूर्वीच्या लाकडी होडीला एका बाजूस उलांडी असे, ती होडीला कलू देत नसे. आता फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्या हलक्या व वेगवान आहेत, पण उलांडीचा आधार गेल्यामुळे भार कसा ठेवला यावरच त्यांची स्थिरता ठरते. भिजलेले जाळे कोरड्याच्या कितीतरी पट जड होते, आणि ते ओढताना सगळी माणसे एकाच काठावर वाकतात. तळात साचलेले पाणी त्याहून वाईट : होडी कलली की ते त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. त्यामुळे उपसणे हे फुरसतीचे काम नाही. तेलाचा प्लॅस्टिक कॅन तिरका कापून केलेला उपसा कित्येक होड्यांत दिसतो. पंपापेक्षा तो भरवशाचा, मात्र तो दोरीने आडीला (होडीतील आडव्या फळीला) बांधलेला असावा, नाहीतर पहिल्याच लाटेत तो पाण्याबरोबर बाहेर जातो.

इंधनाचे तीन वाटे करावेत : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक हात न लावण्यासाठी. इंजिन बंद पडण्याचे नेहमीचे कारण पेट्रोलमधले पाणी किंवा तुंबलेला फिल्टर, म्हणून सुटा प्लग, पाना, गाळणी आणि त्याबरोबर दोन वल्ही असावीतच. इंजिनाची सुरक्षा दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी. एकटा माणूस पडला आणि होडी पुढे निघून गेली, तर पोहता येण्याने काही साधत नाही. लाइफ जॅकेट आडीखाली ठेवण्याची सवय या किनाऱ्यावर फार आहे आणि ती प्राण घेते. उलटलेल्या होडीखाली जाऊन कोणी जॅकेट काढत नाही. मुख ओलांडण्याआधी ते अंगावर असले पाहिजे.

बाहेर : जागा राखण्यासाठी तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, निवतीचा डोंगर, एखादे उंच झाड, दीपगृह. जीपीएस असले तरी ही सवय सोडू नये. बसलेल्या माणसाला क्षितिज चार किलोमीटरच्या आसपासच दिसते, त्यामुळे दुसरी होडी दिसत नाही म्हणजे ती नाही असे होत नाही. निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सभोवती खडप आहे. तिथे मासा चांगला लागतो, पण लाट खडकावर आपटून उलटी फिरते आणि पाणी चहूबाजूंनी उसळते. नांगर नेहमी नाळेवरून टाकावा. मागून टाकला तर लाट सरळ इंजिनावरून आत येते. दोरी खोलीच्या पाचपट तरी सोडावी. रात्री सात मीटरच्या आतील व सात नॉटपेक्षा कमी वेगाच्या होडीला चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा पुरेसा मानला आहे, पण ट्रॉलरच्या वाटेत नांगरून झोपणाऱ्याला तो दिवा वाचवीलच असे नाही. आंग्रिया बँकसारखे शंभर किलोमीटरहून दूर असलेले बुडीत पठार या होड्यांच्या आवाक्यातले नव्हे.

परतताना बांधाबाहेर थांबून लाटांचे गट पाहावेत. मोठ्या लाटा सलग येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत एका लाटेच्या पाठीवर राहून, तिच्या माथ्यापुढे न जाता आत यावे. माथ्यावरून खाली घसरलेली होडी आडवी होते आणि पुढची लाट तिला पालथी घालते. आत येणे जमणारच नसेल, तर उत्तरेला मालवण बंदर गाठावे. तिथलीही वाट खडकांतून आहे, म्हणून उजेडातच. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. किनारा दिसतो त्याहून लांब असतो.

सूचना व कायदा : महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांना बंदीचा काळ, तो माशांच्या विणीसाठी आणि तितकाच माणसांच्या जिवासाठी. राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. होडीची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे करावी लागते आणि परवानाही तिथूनच घ्यावा लागतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, त्याची सीमा माहीत असावी. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटा, वारा व प्रवाह यांचे अंदाज देते आणि लहान नौका उलटण्याच्या धोक्याची वेगळी सूचनाही काढते. निघण्यापूर्वी पाहावी ती हीच सूचना. किनाऱ्यापासून थोडे पुढे गेले की मोबाइलचा भरवसा राहत नाही, म्हणून व्हीएचएफ संच असल्यास १६ क्रमांकाची वाहिनी उघडी ठेवावी. तटरक्षक दलाचा दूरध्वनी १५५४. मदत मागताना आधी जागा सांगावी, अक्षांश-रेखांश किंवा ‘निवतीच्या डोंगराच्या पश्चिमेस इतके मैल’ अशी, मग माणसे किती, मग काय झाले. संपर्क मधेच तुटला तरी शोधणाऱ्याला कुठे जायचे ते कळलेले असते. आणि घरी एका माणसापाशी होडीचा रंग, किती जण गेले आणि किती वाजेपर्यंत न आल्यास फोन करायचा, हे लिहून ठेवलेले असावे.