बर्फरंगाई
बर्फरंगाई : ओल्या सुती कापडावर बर्फ किंवा हिम रचून त्यावर कोरडी रंगपूड भुरभुरण्याची आणि बर्फ वितळताना कापड रंगवण्याची घरगुती पद्धत. [→ बांधणी].

ही पद्धत १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या ‘प्रोसियन’ या विक्रियाशील रंगांवर आधारलेली आहे. थंड प्रदेशांत यासाठी ताजे हिम वापरतात. पनवेलसारख्या (जि. रायगड) ठिकाणी हिम पडत नाही, तेथे फ्रीजमधला किंवा कारखान्यातला फोडलेला बर्फ वापरावा लागतो. रंगधंद्याला लागणाऱ्या मूलभूत रसायनांशी पनवेल परिसराचा संबंध मात्र जुना आहे : जवळच्या रसायनी येथे पूर्वी कारखाना असलेली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली.

धुतलेले कापड धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात सुमारे १५ मिनिटे भिजवून पिळतात आणि चुरगळून टबावरच्या जाळीवर ठेवतात. खाण्याचा सोडा सौम्य असल्याने येथे चालत नाही. अल्कधर्मी माध्यमात रंगाचा रेणू सेल्युलोजशी सहसंयुजी बंधाने जोडला जातो [→ रंजकद्रव्ये]. पूड सावकाश विरघळल्याने मिश्ररंगातील घटक वेगवेगळ्या वेगाने पसरतात. जांभळ्यातून निळा व गुलाबी फुटतात. नक्षी पुन्हा तशीच उमटत नाही. थंडीत विक्रिया मंदावते, म्हणून बर्फ वितळल्यावरही कापड सुमारे २४ तास ओले ठेवतात. हिमप्रदेशात त्यासाठी उबदार खोली लागते. पनवेलच्या हवेत ती अडचण नाही. शेवटी आधी गार, मग गरम पाण्याने धुतात. पॉलिएस्टर या रीतीने रंगत नाही.

पुडीची धूळ श्वसनाला अपायकारक असते, मुखपट्टी आवश्यक. वापरलेली भांडी स्वयंपाकाला घेत नाहीत.