फ्रान्सिस ग्रीनवे
फ्रान्सिस हॉवर्ड ग्रीनवे (२० नोव्हेंबर, १७७७ – सप्टेंबर, १८३७) हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या दंडवसाहतीत हद्दपार करण्यात आलेले इंग्लिश वास्तुविशारद होते. त्यांचा जन्म ब्रिस्टलजवळील मँगट्सफील्ड येथे, पिढीजात बांधकाम व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. १८०९ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. १८१२ मध्ये बनावट दस्तऐवजाचा गुन्हा त्यांनी न्यायालयात कबूल केला. त्या काळी या गुन्ह्यास देहदंड होता; तो फर्मावून पुढे १४ वर्षांच्या हद्दपारीत बदलण्यात आला.

फेब्रुवारी १८१४ मध्ये ते सिडनीस पोहोचले. प्रशिक्षित वास्तुविशारद वसाहतीत दुर्मीळच असल्याने गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी १८१६ मध्ये त्यांना शासकीय वास्तुविशारद नेमले. मॅक्वारी दीपगृहाच्या कामाबद्दल त्यांना सशर्त मुक्ती, तर हाइड पार्क बरॅक्स या कैद्यांच्याच निवासासाठी बांधलेल्या इमारतीबद्दल १८१९ मध्ये पूर्ण माफी मिळाली. दीपगृहाचा वालुकाश्म ठिसूळ असल्याचा इशारा त्यांनी आधीच दिला होता. तो खरा ठरून १८८३ मध्ये तेथे त्याच धर्तीचे नवे दीपगृह उभारावे लागले. विंडसरचे सेंट मॅथ्यू व सिडनीचे सेंट जेम्स ही चर्चही त्यांचीच.

स्वभावाने ते अहंमन्य व भांडखोर होते. मॅक्वारी यांच्याशीही मानधनावरून त्यांचे बिनसले. १८२२ मध्ये नव्या गव्हर्नरच्या कारकिर्दीत त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढील आयुष्य हलाखीत गेले. ईस्ट मेटलंड येथील त्यांच्या थडग्यावर नावाची शिळाही नाही.

१९६६ साली निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या १० डॉलरच्या पहिल्या नोटेवर मात्र या बनावट दस्तऐवजाच्या गुन्हेगाराचेच चित्र छापले गेले.