लखनौची ईस्टरची सुटी

होळी जळाली की थंडी पळाली, ही म्हण मराठी मुलखातली. पण ती लखनौलाही तंतोतंत लागू पडते. फाल्गुन सरत आला की गोमतीकाठची हवा पालटते, दुलया उन्हे देऊन पेटीत जातात, आणि चैत्रातली दुपार वर चढू लागली म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या ‘लू’ची पहिली झळ अंगाला लागते. इंग्रजी अमदानीत या शहरात नेमलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ही झळ म्हणजे नोटीसच वाटे. पुढचे तीन महिने कसे जायचे, याची ती आगाऊ सूचना असे. नेमक्या याच ऋतुसंधीवर त्याच्या धर्माने त्याला एक सुटी देऊन ठेवली होती. ती सुटी म्हणजे ईस्टरची.

ही सुटी हिंदुस्थानात केवळ चर्चच्या घंटेबरोबर आली नाही. तिला कायद्याचा आधार मिळाला तो हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या व्यवहारातून. १८८१ साली ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट’ संमत झाला. हुंडीची मुदत सार्वजनिक सुटीच्या दिवशी भरली, तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असे समजावे, असे त्यात ठरले. मग सार्वजनिक सुटी म्हणजे काय, हेही सांगणे आले. त्या यादीत रविवार, नववर्षदिन आणि नाताळ यांच्या पंक्तीला गुड फ्रायडे बसला. बाकीचे दिवस सरकारने जाहीर करावेत, असे ठेवले गेले. अशा रीतीने लखनौच्या चौकातील सराफाचा हिशेबही एका दूरच्या सणाला बांधला गेला. कचेऱ्या, न्यायालये आणि विद्यालये शुक्रवारपासून सोमवारपर्यंत बंद राहू लागली. रेल्वे कंपन्यांनी ही संधी ओळखून ईस्टरसाठी सवलतीची परतीची तिकिटे काढली. सुटी साहेबाची असली, तरी तिकीट कोणालाही मिळत होते.

आपल्या श्रोत्यांना या सणाची तिथी फारशी परकी वाटू नये. वसंतसंपातानंतर, म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर, जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. चर्चची पौर्णिमा कोष्टकातली असते, आकाशातली नव्हे. त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो. तरीही आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर ईस्टर बहुधा फाल्गुन वद्यात किंवा चैत्र वद्यात येतो. कधी तो होळीच्या पाठोपाठ येतो, तर कधी हनुमान जयंतीच्या मागून. २२ मार्च ही त्याची अलीकडची सीमा आणि २५ एप्रिल ही पलीकडची. १९४० साली तो २४ मार्चला आला, आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९४३ साली, २५ एप्रिलला. सुटी एकच, पण एका वर्षी ती थंडीच्या शेपटाला लागलेली, तर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडात सापडलेली.

ज्याला नैनीतालला जायचे, त्याचे या सरकत्या तिथीने फारसे बिघडत नसे. मुंबई सरकारचा गव्हर्नर जसा उन्हाळ्यात महाबळेश्वरी मुक्काम करी, तसे उत्तरेकडील प्रांताचे सरकार १८६२ पासून उन्हाळ्यात नैनीतालला बिऱ्हाड हलवी. १८८४ साली पायथ्याच्या काठगोदामपर्यंत आगगाडी पोचली आणि हा प्रवास सोपा झाला. रात्री लखनौत गाडीत बसावे, सकाळी डोंगराच्या पायथ्याशी उतरावे आणि दुपारी तळ्याच्या काठी चहा घ्यावा. ईस्टर लवकर आला तर थंडी थोडी अधिक, उशिरा आला तर गर्दी थोडी अधिक, एवढाच काय तो फरक.

परंतु विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या सुटीला एक नवा छंद जडला आणि मग चंद्राची ही चाल महत्त्वाची ठरू लागली. तो छंद म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याचा, स्कीचा. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधाव्यात, हातांत दोन काठ्या घ्याव्यात आणि उतारावरून स्वतःला सोडून द्यावे. नॉर्वेच्या शेतकऱ्यांची ही हिवाळ्यातली वहिवाट आल्प्स पर्वतात जाऊन श्रीमंतांचा खेळ बनली होती. हिंदुस्थानातील काही लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ साली काश्मीरमध्ये गुलमर्ग येथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ची स्थापना केली. क्लबाचे मोठे मेळावे वर्षातून दोनदा, नाताळात आणि ईस्टरला, भरत. गुलमर्गचे मैदान ८,७०० फुटांच्या आसपास, त्यावर खिलनमर्ग, आणि त्याही वर १३,००० फुटांपलीकडे गेलेला अफरवट. त्या काळी तेथे दोरीचा पाळणा नव्हता. चढायचे स्वतःच्या पायांनी. पट्ट्यांच्या तळाला सीलचे कातडे बांधायचे, म्हणजे पाय मागे घसरत नाही. दोन-तीन तास चढून गेल्यावर काही मिनिटांचे उतरणे. या व्यवहारात नफा कोठे आहे, असे एखाद्या बनियाने विचारले असते, तर त्याला समाधानकारक उत्तर देणे कठीणच गेले असते.

लखनौच्या छावणीतून गुलमर्गला निघणाऱ्याला आधी त्रैराशिक मांडावे लागे. कलकत्त्याहून लखनौमार्गे पंजाबकडे जाणारी मेल चारबागच्या स्टेशनात धरायची. बरेली, मुरादाबाद, सहारनपूर, अंबाला, लाहोर करीत रावळपिंडी गाठायची; हा लोहमार्ग सातशे मैलांहून थोडा अधिक. रावळपिंडीहून श्रीनगर मोटाररस्त्याने सुमारे दोनशे मैल. मरीच्या घाटातून कोहाला, मग झेलमच्या खोऱ्याने दोमेल, उरी, बारामुल्ला. वाटेत एक रात्र डाकबंगल्यात काढायची. पुढे टंगमर्गपर्यंत मोटार आणि तेथून गुलमर्गची चढण तट्टावर किंवा पायी. जम्मूहून बनिहाल घाटाने जाणारा रस्ता १९२२ पासून लोकांना खुला होता. पण ज्या दिवसांत स्की करायची त्याच दिवसांत तो घाट बर्फाने बंद राहण्याचे भय असे. म्हणजे जायला चार दिवस आणि यायला चार. ईस्टरची सरकारी सुटीही चारच दिवसांची! ती सगळी वाटेतच संपणार. म्हणून तिच्या मागेपुढे किरकोळ रजा जोडून घ्यावी लागे, आणि रजा तर पलटणीतल्या प्रत्येकालाच त्याच आठवड्यात हवी असे.

त्यात बर्फाचा हिशेब वेगळा. सुटी ठरवतो चंद्र, आणि बर्फ वितळवतो सूर्य; या दोघांचे जमले तर मौज. ईस्टर मार्चमध्ये आला, तर गुलमर्गच्या मैदानातच भरपूर बर्फ, पण वर ताज्या थराखाली कडे कोसळण्याचा धोका. तो एप्रिलच्या अखेरीस आला, तर मैदानात चिखल आणि कोवळे गवत. खेळायचे असेल तर दररोज वरच्या उतारापर्यंत तंगडतोड करणे भाग. वसंतातल्या बर्फाची आणखी एक खोड आहे. रात्री ते गोठून दगडासारखे होते, सकाळच्या उन्हाने वरचा पापुद्रा नरम होतो, आणि तेवढ्या दोन-चार घटकाच पट्टी त्यावरून सुखाने चालते. माध्यान्हीनंतर त्याचा राबडा होतो आणि उतारावरून घसरणाऱ्या ओल्या बर्फाचे भय उभे राहते. आठशे-नऊशे मैल तुडवून आलेल्या माणसाला दिवसाकाठी मिळणारा खेळ तो एवढाच. त्याचे सामान वर नेणाऱ्या टंगमर्गच्या हमालांना आणि तट्टूवाल्यांना मात्र सकाळ आणि दुपार सारखीच होती. आणि ईस्टरचा आठवडा हा त्यांच्या दृष्टीने सुटीचा नसून कमाईचा होता.

गर्दीचा प्रश्न तर वाटेतच, पंजाबात शिरण्याआधी, सामोरा येई. लखनौहून सहारनपूरकडे जाणारी गाडी लक्सर जंक्शनावरून जाते, आणि हरिद्वारची शाखा फुटते ती तेथूनच. हरिद्वारच्या कुंभाचे मुख्य स्नान मेषसंक्रांतीचे, म्हणजे एप्रिलच्या १३ तारखेच्या सुमारास. स्की क्लब स्थापन झाला त्या १९२७ साली हरिद्वारला कुंभ होता आणि ईस्टर १७ एप्रिलला होता. पुढचा कुंभ १९३८ साली, आणि योगायोग असा की त्या वर्षीही ईस्टर १७ एप्रिललाच. संक्रांतीचे स्नान आटोपून परतणारे लाखो यात्रेकरू आणि गुड फ्रायडेला निघालेला सुटीवाला, दोघे एकाच लोहमार्गावर दोन दिवसांच्या अंतराने! त्या दोघांचा प्रवास मात्र एकसारखा नसे. १९१५ च्या कुंभाला महात्मा गांधी गेले होते. सहारनपूरपासून पुढे यात्रेकरूंना मालाच्या आणि गुरांच्या डब्यांत कसे कोंबले होते, वर छप्पर नाही आणि खाली तापलेले लोखंड अशी त्यांची काय गत झाली, हे त्यांनी आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवले आहे. पहिल्या वर्गात बर्थ राखून, स्कीच्या पट्ट्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकून जाणाऱ्याला गर्दी ही अडचण होती. तिसऱ्या वर्गातल्या माणसाला ती शिक्षा होती. तरीही ती भोगायला तो दर बारा वर्षांनी आपखुशीने येत होता, ही गोष्ट रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शेवटपर्यंत नीटशी उमगली नाही.

आता पारड्याची दुसरी बाजू. लखनौचे गोरे लोक ज्या सुटीत शहर सोडून जात, त्याच सुटीत देशातील कार्यकर्ते शहरात येत. वकील, प्राध्यापक, विद्यार्थी, कारकून यांना न्यायालये आणि शाळा बंद असल्यावाचून सवड नसे. काँग्रेसची अधिवेशने आरंभापासून नाताळच्या आठवड्यात भरत आली ती याच कारणाने. सुरतेच्या फुटीनंतर लोकमान्य टिळक पुन्हा काँग्रेसच्या व्यासपीठावर आले ते १९१६ च्या डिसेंबरात, लखनौलाच. पुढे १९२९ साली लाहोरला असे ठरले की, डिसेंबरच्या थंडीत गोरगरीब प्रतिनिधींचे हाल होतात, तेव्हा अधिवेशन फेब्रुवारी-मार्चकडे न्यावे. हा निर्णय सदाच पाळला गेला असे नाही. पण त्यानंतर वसंतातली अधिवेशने होऊ लागली.

१९३६ साली ईस्टर १२ एप्रिलला आला. त्या एका आठवड्यात लखनौत जे घडले, त्याला तोड नाही. १० एप्रिल, गुड फ्रायडे: रिफाह-ए-आम सभागृहात प्रगतिशील लेखकांची पहिली परिषद, अध्यक्ष मुन्शी प्रेमचंद. ११ एप्रिल: अखिल भारतीय किसान सभेची स्थापना, अध्यक्ष स्वामी सहजानंद सरस्वती. १२ एप्रिल, प्रत्यक्ष ईस्टरचा रविवार: काँग्रेसचे अधिवेशन सुरू, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. साहित्यिक, शेतकरी आणि राजकारणी असे तिन्ही प्रवाह चार दिवसांत एका स्टेशनावर उतरले. प्रेमचंदांचे ते अखेरचे वर्ष होते; ऑक्टोबरात ते निवर्तले. नेहरू नुकतेच युरोपातून परतले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस लोझान येथे कमला नेहरूंचे देहावसान झाले होते. समाजवादाचा उघड पुरस्कार करणारे त्यांचे लखनौचे भाषण काँग्रेसमधील अनेक वडीलधाऱ्यांना रुचले नाही आणि त्यावर पुढे बरेच महाभारत झाले. पण येथे एक छोटी गोष्ट सांगण्याजोगी आहे. दहा वर्षांपूर्वी, १९२६-२७ च्या हिवाळ्यात, पत्नीच्या आजारपणानिमित्त स्वित्झर्लंडमध्ये राहत असता नेहरू स्की शिकले होते. पुष्कळ आपटूनही तो नाद त्यांनी सोडला नाही, हे त्यांच्याच आत्मचरित्रात आहे. आणि ते आत्मचरित्र प्रसिद्ध झाले तेही १९३६ सालीच. ज्या ईस्टरला गुलमर्गच्या उतारावर लष्करी अधिकारी घसरत होते, त्याच ईस्टरला लखनौच्या मांडवात त्यांच्या साम्राज्याच्या शेवटाची भाषा बोलणारा अध्यक्ष हा त्या खेळातला जाणकार होता!

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर टोळीवाल्यांची धाड आली आणि झेलमच्या खोऱ्यातला रस्ता उरीच्या पुढे तुटला, तो तुटलाच. लखनौच्या प्रवाशाला आता पठाणकोटपर्यंत आगगाडी आणि तेथून बनिहालचा घाट, एवढीच वाट राहिली. १९५६ च्या अखेरीस जवाहर बोगदा खुला झाला, तेव्हा ती हिवाळ्यातही चालू राहू लागली. गुलमर्गला सरकारी प्रशिक्षण १९६८ साली सुरू झाले. पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली झाला आणि अफरवटकडे नेणारा दुसरा २००५ साली.

मधल्या काळात लखनौच्या सरकारला स्वतःच्याच राज्यात बर्फ सापडले होते. गढवालमध्ये जोशीमठाच्या वर, ९,००० फुटांच्या आसपास, औलीचे उतार आहेत. सीमेवरील पोलीस दलाचे जवान तेथे आधीपासून शिकत होते. उत्तर प्रदेशाच्या पर्यटन खात्याने ते प्रवाशांसाठी खुले केले, आणि १९९० नंतरच्या दशकात जोशीमठापासून औलीपर्यंत सुमारे चार किलोमीटरचा पाळणा बसला. लखनौहून रात्रीच्या गाडीने हरिद्वार आणि तेथून दिवसभराच्या मोटारीने जोशीमठ: चार दिवसांचा रस्ता दीड दिवसावर आला. पण औलीचे बर्फ मार्चअखेर ओसरू लागते. ईस्टर उशिरा आला तर तेथे बर्फाऐवजी बद्रीनाथच्या यात्रेची तयारी दिसते. ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड वेगळा झाला आणि औली लखनौच्या हातून गेली. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठाची जमीन खचू लागली, शेकडो घरांना तडे गेले आणि पाळणा बंद करावा लागला.

सरकारी सुट्यांच्या यादीत गुड फ्रायडे अद्याप आहे. सोमवार मात्र आता कामाचा असतो. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत थेट आगगाडी सुरू झाली, तेव्हा लखनौकराला रुळांवरून काश्मीरच्या खोऱ्यात उतरता येऊ लागले. राहता राहिला चंद्र. १९४३ सारखा २५ एप्रिलचा ईस्टर त्यानंतर पुन्हा आलेला नाही. तो येईल २०३८ साली. त्या वर्षी ज्याला स्की खेळायची असेल, त्याला अफरवटच्या माथ्यापर्यंत जावे लागेल.