दाब एकटा पुरत नाही: सिलिंडरमधील द्रव आणि जहाजातील द्रव

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर हलवला की आत द्रव हिंदकळल्याचे जाणवते. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीच्या टाकीत मात्र वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब असूनही निव्वळ वायूच असतो. घरगुती सिलिंडरमधील दाब त्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ. दाब वाढवला की वायूचा द्रव होतो, हा शाळेत शिकलेला नियम येथे उलटा पडल्यासारखा भासतो.

याचा उलगडा बेलफास्टचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँड्रूज यांनी १८६९ मध्ये केला. सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. या मर्यादेला क्रांतिक तापमान म्हणतात. त्यावर रेणूंची गती इतकी असते की, ते जवळ आणले तरी परस्पर आकर्षण त्यांना द्रवरूपात बांधू शकत नाही. प्रोपेनची ही मर्यादा सुमारे ९७ अंश, ब्यूटेनची १५२. म्हणून त्यांचे मिश्रण असलेला एलपीजी भर उन्हाळ्यातही थोड्या दाबाने द्रव राहतो. मिथेनची मर्यादा उणे ८३.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जहाजाने पाठवण्यासाठी कतारमधील रास लफान येथे उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला जातो. आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते आणि जहाजातील टाक्यांत दाब वातावरणाहून किंचितच अधिक लागतो. प्रवासात थोडा द्रव सतत उकळतो, उरलेल्याची उष्णता घेऊन त्याला थंड ठेवतो. हा निसटता वायू बहुतेक जहाजे इंजिनातच जाळतात. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळचे टर्मिनल अशाच द्रवाचे पुन्हा वायूत रूपांतर करते.

घरच्या सिलिंडरमध्येही हेच घडते. शेगडी बराच वेळ मोठी ठेवली की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. त्यामुळे थंड देशांत अंगणातल्या शेगडीसाठी प्रोपेनच घ्यावा. गार सिलिंडर आचेजवळ नेऊन ऊब देण्याचा प्रकार मात्र घातक आहे. तापल्यावर द्रव प्रसरण पावतो. त्यासाठीच सिलिंडर भरताना सुमारे १५ ते २० टक्के जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते.