सात वाजताची गाडी

२ ऑगस्ट १९४४. जर्मनव्याप्त पोलंड, आउश्वित्झ-बिर्केनाऊ, विभाग ‘बी-टू-ई’. तबेल्यांच्या नकाशावर उभारलेल्या लाकडी बराकींच्या या पट्ट्यात रोमा आणि सिंती, म्हणजे ‘जिप्सी’ म्हणून हिणवली जाणारी, कुटुंबं कोंडलेली होती. त्या रात्री तो रिकामा करण्यात आला. त्याची तयारी मात्र कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि तीही एका डॉक्टरच्या टेबलावर.

आठ वर्षं आधी

१९३६. बर्लिन ऑलिंपिकच्या तयारीत आहे. पाहुण्यांना शहर ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून १६ जुलैला पोलीस सुमारे सहाशे रोमा-सिंतींना उचलून शहराबाहेर मार्त्सानला नेऊन ठेवतात. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट रिटर याच्या हाताखाली सरकारी वंशसंशोधन केंद्र सुरू होतं. त्याची माणसं वस्तीवस्तीवर जाऊन डोक्यांची मापं घेतात, आजी-पणजीची नावं लिहून घेतात. पुढच्या काही वर्षांत सुमारे २४,००० माणसांच्या नोंदी तयार झाल्या. निष्कर्ष ठरलेलाच होता: गुन्हेगारी यांच्या रक्तात आहे.

हे वाक्य मराठी माणसाला नवं नाही. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याच्या पुढच्या सुधारणा यांनी पारधी, कैकाडी, भामटा यांच्यावर हाच शिक्का मारला. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. शिक्का कागदोपत्री पुसला गेला तो १९५२ मध्ये. तिथे विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्या. हा फरक प्रचंड आहे आणि तो विसरू नये. पण जन्मावरून माणसाची फाईल उघडायची रीत तीच.

साडेएकोणीस महिने आधी

१६ डिसेंबर १९४२ ला नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर हुकूम काढतो: रोमा आणि सिंतींना आउश्वित्झला पाठवा. कोणाला पाठवायचं हे रिटरच्या कागदांवरून ठरतं. २६ फेब्रुवारी १९४३ ला पहिली गाडी पोचते. एकूण सुमारे २३,००० जण इथे आले. त्यांत जर्मन सैन्यात लढलेले, पदकं मिळवलेले सिंतीही होते. कुटुंबं एकत्र ठेवली गेली, म्हणून काहींना वाटलं, आपली गत वेगळी असेल. मग उपासमार सुरू झाली, टायफस आला, आणि पोरांचे गाल कुजवणारा ‘नोमा’ आला. डॉक्टर म्हणून नेमणूक झाली होती योझेफ मेंगेलेची. छावणीत साडेतीनशेहून जास्त बाळं जन्मली. त्यांचे हात गोंदायला फार लहान, म्हणून नंबर मांडीवर गोंदला.

बारा आठवडे आधी

जर्मनीतल्या मुल्फिंगेन गावात चर्चच्या आश्रमात काही सिंती मुलं सांभाळली जात होती. आईबाप आधीच छावण्यांत गेलेले. रिटरची सहकारी एव्हा युस्टिन हिला प्रबंधासाठी त्यांचं निरीक्षण करायचं होतं, म्हणून मुलांची रवानगी लांबली. अभ्यास आटोपला, डॉक्टरेट पदरात पडली, आणि ९ मेला ३९ मुलं आउश्वित्झच्या वाटेला लागली. चार वाचली. मेंगेलेचं नाव जगाला माहीत आहे. मला विचाराल तर युस्टिनची ही दिरंगाई जास्त भयंकर वाटते.

याच महिन्यात, १९ मेला, हॉलंडमधल्या वेस्टरबोर्क छावणीतून २४५ रोमा-सिंती निघाले. डब्याच्या दारातून बाहेर पाहणारी, डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी कॅमेऱ्यात टिपली गेली. पुढे पन्नास वर्षं ती ज्यूंच्या संहाराचा चेहरा म्हणून छापली जात राहिली. १९९४ मध्ये डच पत्रकार आद वागेनार याने तिचं नाव शोधून काढलं: सेटेला स्टाइनबाख. नऊ वर्षांची, सिंती.

मेच्या मध्यावर एसएसने बराकींना वेढा घातला आणि आतली माणसं फावडी, दगड, लाकडं घेऊन उभी राहिली, अशी हकिगत एका कैदी कारकुनाने लिहून ठेवली आहे. त्या तारखेवर आज इतिहासकारांचं एकमत नाही. एवढं मात्र नोंदीत आहे की त्यानंतर काम करण्याजोग्या स्त्री-पुरुषांना तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्या छावण्यांत हलवण्यात आलं. प्रतिकार करू शकतील असे हात कमी होत गेले.

दहा दिवस आधी

सोव्हिएत फौजा लुब्लिनजवळच्या मायदानेक छावणीत शिरल्या. आघाडी जवळ येत होती.

२ ऑगस्ट, दिवस

शेवटची निवड. कामाला चालतील ते एका बाजूला. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या बायका आणि मुलं दुसऱ्या बाजूला. छावणीला लागूनच रुळांचा फलाट. हंगेरीतून आलेले ज्यू तिथे उतरून कुठल्या दिशेने जातात, हे या बराकींमधल्या माणसांनी मेपासून रोज पाहिलं होतं. दुसऱ्या बाजूला उभं राहण्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

संध्याकाळ

मालगाडी लागते. १,४०८ जण चढतात: ९१८ पुरुष आणि मुलगे, ४९० बायका. मुलग्यांपैकी १०५ जण नऊ ते चौदा वर्षांचे. मागे राहिलेले तारेपाशी येतात. निरोप तारेतूनच.

सुमारे ७

गाडी हलते. तिथे ऑगस्टमध्ये या वेळी लख्ख उजेड असतो.

हजेरीनंतर

सगळ्या बिर्केनाऊत संचारबंदी. ‘बी-टू-ई’ला सशस्त्र पहारेकऱ्यांचा वेढा. फसवण्यासाठी पाव वाटला जातो, प्रवासाची शिदोरी म्हणून. मग मालमोटारी आत येतात.

रात्र

शेजारच्या विभागांतल्या कैद्यांनी दारं बंद असताना आरडाओरडा ऐकला, ही माणसं शेवटपर्यंत झगडली, असं त्यांनी पुढे सांगितलं. मालमोटारी फेऱ्या मारत राहिल्या. भट्ट्या त्या वेळी बंद होत्या, म्हणून प्रेतं उघड्या खड्ड्यांत जाळली.

कित्येक वर्षं मृतांचा आकडा २,८९७ असा छापला जात होता. कागदपत्रं पुन्हा तपासल्यावर तो ४,२०० ते ४,३०० च्या घरात गेला.

नंतर

सातच्या गाडीतले सगळे वाचले असं नाही. त्यातले पुरुष आणि मुलगे बुखेनवाल्ड छावणीत पोचले होते; सप्टेंबरअखेर तिथून २०० जणांना यादी करून परत आउश्वित्झला धाडलं गेलं, बहुतेक रोमा आणि सिंती पोरं. यादीत दहा वर्षांचा रुडोल्फ ब्लूम होता. त्याचा सोळा वर्षांचा भाऊ विली म्हणाला, मीही जातो. दोघेही परतले नाहीत.

रिटरला युद्धानंतर फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली. त्याने युस्टिनलाही तिथे आणलं. दोघांवरच्या चौकश्या गुंडाळल्या गेल्या. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १९४३ पूर्वीच्या कारवाया वंशद्वेषातून झाल्याच नव्हत्या, या लोकांच्या वागणुकीमुळे झाल्या. भरपाईचे दावे कोसळले. सात वर्षांनी न्यायालयाने आपलं मत काहीसं बदललं, तोवर अनेक दावेदार वारले होते.

आणि त्या फायली? त्यांतल्या बऱ्याचशा संशोधकांच्या हाती राहिल्या. काही ट्युबिंगेन विद्यापीठाच्या तळघरात होत्या. १ सप्टेंबर १९८१ ला सिंती कार्यकर्ते, त्यांत छावण्यांतून वाचलेलेही, त्या तळघरात जाऊन बसले आणि कागद ताब्यात घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. फायली कोब्लेंझच्या केंद्रीय अभिलेखागारात गेल्या. पुढच्या मार्चमध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी हा वंशसंहार होता हे सरकारतर्फे प्रथमच मान्य केलं.